बेटावरच्या नोकरीचा गूळ

पऱ्हाटी फुटली. सकाळी बांधावर उभी राहिले तर परवापर्यंत घट्ट मिटून बसलेली बोंडं उघडून सगळं रान पांढरं झालेलं. दरवर्षी पाहते, तरी दरवर्षी वाटतं, आपण झोपलो होतो तेव्हा कोणी येऊन काही करून गेलं. पण ऊन वर येईपर्यंत या कापसाला हात लावायचा नाही. दवात वेचलेला कापूस घरात रचला की आतून काळा पडतो. म्हणून आम्ही बाया ओट्या बांधून बांधावर बसतो, पाय उन्हात पसरतो, आणि कापूस वाळायची वाट पाहता पाहता बोलतो. माझं तर म्हणणं आहे, ग्रामपंचायतीत जेवढे ठराव होत नसतील तेवढे या वेळात होतात. सून कोणाची चांगली, तूर कोणाची भरली, कोणाच्या घरी पाहुणे येऊन गेले, सगळं दव वाळायच्या आत निकालात निघते.

मग उठायचं. पहिल्या दोन दिवसांत बोटांची दैना होते. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी, नखाच्या कडेला बरोबर शिरतात. पऱ्हाटीच्या ओळीला आम्ही तास म्हणतो; त्या तासांमधल्या तुरीला पिवळा फुलोरा, त्यावर मधमाश्या, आणि त्या फुलांचा तो ओला, हिरवा वास. दुपारपर्यंत ओटी इतकी फुगते की म्हातारीसुद्धा सात महिन्यांची पोटुशी दिसते. यावर आमच्या तांड्यात दरवर्षी तोच विनोद होतो आणि दरवर्षी सगळ्या हसतात. विनोद जुना झाला म्हणून काय झालं, हसू तर नवं असते.

या दिवसांत मला मागची नाही, त्याच्याही मागची वेचणी आठवते. त्या वेचणीत आमच्या रोशनीला न्यायला पाहुणे आले होते.

रोशनी म्हणजे माझ्या दिराची पोरगी. आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून, म्हणून तिला आया दोन. तिची आई सुमन, माझी धाकटी जाऊ, आणि मी मोटी याडी. आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. कापूस घरात आला की पोरं त्या ढिगाऱ्यावर उड्या मारायची, रात्री तिथंच झोपायची आणि सकाळी अंग खाजवत उठायची. रोशनी ढिगाऱ्यात बसून वांग्याला सुई टोचायची. वाकळ शिवायची माझी मोठी सुई. "रडू नको, झालं," असं वांग्याला सांगायची. पुढं ती खरंच नर्स झाली तेव्हा तांड्यात कोणालाच नवल वाटलं नाही. वांग्यांनाही वाटलं नसतं.

शिकून आल्यावर ती घाटंजीकडच्या एका उपकेंद्रात लागली. लस द्यायला रानातल्या वस्त्यांवर, पोडा-तांड्यावर फिरायची, कधी फटफटीवर, कधी पायी. सुटीला घरी आली की बीपी पाहायचा पट्टा घेऊन यायची. तांड्यातला एकही दंड त्या पट्ट्यातून सुटला नाही. आमच्या नायकबाबाचं बीपी दर वेळी वर निघायचं. "पट्टा पाहूनच माहा जीव घाबरते, त्याले मी काय करू?" असं बाबा म्हणायचे. नायक म्हणजे तांड्याचा कारभार पाहणारा मुख्य माणूस. आमचे नायकबाबा पांढऱ्या पागोट्याचे, ऐंशीच्या घरातले, आणि भांडण मिटवण्यापेक्षा लग्न जुळवण्यात त्यांना जास्त गोडी.

तर त्या वर्षी यवतमाळला, लोहाऱ्याकडच्या रस्त्यावरच्या एका हॉलात, परदेशातल्या दूरदूरच्या बेटांवर काम करायला नर्स निवडून राहिले होते. रोशनी कोणाला न सांगता जाऊन आली. संध्याकाळी आली तर डोळे असे चमकत होते की मला वाटलं ताप आहे.

"मोटी याडी, त्यांनी इचारलं, समुद्र पाह्यला काय?"

"मंग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, समुद्र नाही, अरुणावती धरण पाह्यलं."

"हासले असतील."

"लय हासले. मंग म्हणे, एका बेटावर एकच दवाखाना, एकच नर्स. बाळंतपण, लसी, ताप, साप, सगळं तुलेच पाहाले लागन. मी म्हटलं, आता काय येगळं करून राह्यली? फक्त मधात पाणी नाही एवढंच."

तिला निवडलं. पण एक गोष्ट राहिली होती. तिथं गेलेल्या बऱ्याच मुली अर्ध्यातून परत आल्या होत्या. घरचे रडून रडून बोलावतात, पोरगी सामान बांधते, आणि मागं दवाखान्याला कुलूप लागते. म्हणून निवड करणारे घरी येऊन घरच्यांशी बोलणार होते. घरचे मनापासून पाठवत असतील तरच नेमणूक, नाहीतर नाही. आणि इथंच गाडं अडलं. कारण सुमन मनापासून सोडा, नखापासूनही तयार नव्हती.

आमचं रान फुटायचं होतं, तोवर शेजाऱ्यांच्या वेचणीला जायचो; तिथल्या बांधावर दव वाळायची वाट पाहताना आम्ही तिला किती समजावलं! नायकबाबा तिकडून जात होते, तेही थांबले. म्हणाले, "अवं सुमन, आपले वाडवडील बैलांवर मीठ-धान लादून सारा मुलूख हिंडले. आपण कवा एका जागी होतो? आपल्या रक्तातच चालणं हाये."

सुमन ओटीची गाठ आवळत म्हणाली, "हाव बाबा. पण त्या बैलांसंगं सारा तांडा चाले. बाया, लेकरं, कुत्रे, कोंबड्या. एकटी पोरगी कोणं धाडली होती? सांगा."

बाबा पागोटं सारखं करून वाटेला लागले. तिचं खरं होतं. आमच्या शेतातला कापूस दिग्रसच्या जिनात, सरकी काढायला, जातो, तिथून कुठं, कोणत्या देशात, कोणाच्या अंगावर, आम्ही कधी विचारलं नाही. गाडीत भरला, ताडपत्री ओढली, झालं. कापसाला कोणी पोचल्याचा निरोप मागत नाही. पण पोरीच्या बाबतीत ताडपत्री ओढून मोकळं होता येत नाही ना.

पाहुणे येण्याचा दिवस ठरला तो नेमका आमच्या सीतादहीचा निघाला. पहिल्या वेच्याच्या दिवशी घरची बाई पऱ्हाटीला हळदकुंकू लावते, दहीभाताचा निवद दाखवते आणि पहिला कापूस आपल्या हातानं वेचते. तोवर मजूर बाया तासात पाय घालत नाहीत. सुमन म्हणाली, "पाहुणे आले तर बसतीन. सीतादही टळत नाही." मी मनात म्हटलं, हिला निमित्तच पाहिजे होतं.

इकडं नायकबाबांनी वेगळंच मांडलं. नोकरीवाले येणार म्हणजे काय करायचं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पोरगी तांड्यातून बाहेर जायची एकच रीत आम्हाला माहीत. पाहुणे येतात, नायकाच्या घरी बैठक होते, पंच विचारपूस करतात, पटलं की नायक गूळ फोडतो, सगळे खातात, सगाई पक्की. नायकासमोर खाल्लेला गूळ म्हणजे शब्द. तो मागं घेता येत नाही. बाबा म्हणाले, "न्याले आले म्हंजे सोयरेच. नवरदेव नसला म्हून काय झालं?" आणि अंगण सारवलं, सतरंज्या टाकल्या, पंच धुतलेले सदरे घालून बसले. मला हसूही येत होतं आणि खरं सांगू, बरंही वाटत होतं. पोरीचं जाणं पाहायला कोणीतरी नीट बसलं तर पाहिजे.

गाडीतून उतरल्या त्या एकट्या बाई. साठीच्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, सुती साडीला पिन लावलेली. केरळच्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. त्यांनी स्वतः त्या बेटांवर उमर काढली होती आणि आता नव्या मुली शोधत फिरत होत्या. मराठी बोलता येत नव्हती, पण बरीच कळायची; हिंदी येत होती, पण ती त्यांच्या मर्जीनं चालायची. त्यांना वाटलं होतं घरात आईबापाशी चहा पीत बोलू. समोर पाहतात तर अर्धा तांडा.

बाबांनी खाकरून सुरुवात केली. "पाणी किती दूर हाये तिकडं?"

"बारिश का पानी. छत से टाकी में जाता है," सिस्टर म्हणाल्या.

"आन् जळतन?"

"सिलिंडर आता है, बोट से."

"बोट नाही आली तं?"

"तब नारियल का छिलका जलाता है."

बाबांनी पंचांकडं पाहिलं. पंचांनी मान हलवली. चालते.

"तिकडचे माणसं दारू पितात काय?"

सिस्टरांनी पंचांकडं एकदा पाहिलं. "पीते हैं, बाबा. झूठ नहीं बोलेगा."

मागून एक बाई म्हणाली, "इकडचे कोणते ताक पितात!" आणि पंचातले दोघं-तिघं एकदम जमिनीकडं पाहायला लागले.

मग बाबांनी सगाईतला खरा प्रश्न टाकला. "सासू कशी हाये?"

रोशनीनं कपाळाला हात लावला. पण सिस्टर डगमगल्या नाहीत. विचार करून म्हणाल्या, "एक बड़ी अफसर है. दूसरे टापू पर बैठती है. बहुत चिल्लाती है. पर बीमार पड़ो तो खुद बोट लेके आती है."

"म्हंजे हायेच सासू!" बायांमध्ये हशा पिकला. "आन् बरी हाये वं, येते तं सही!"

बाबा इतके खूश झाले की त्यांच्या हाताला जुनी सवय आठवली. "बस. गोड करा," म्हणाले, आणि परातीच्या काठावर गुळाची भेली आपटली. खडे वाटले गेले. पंचांनी तोंडात टाकले. मी टाकला. सगळ्यांचे गाल फुगलेले, आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मले कोणं इचारलं?"

सुमन अंगणाच्या दारात उभी. हातात दहीभातानं भरलेली पितळी गुंडी.

आता चूक काय झाली ते सांगते. सगाईत आईचा होकार पाहुणे यायच्या आधीच घेतलेला असतो, घरातल्या घरात. बैठकीत तो कोणी विचारत नाही. त्यामुळं बाबांना वाटलं, दिरानं विचारलं असेल. दिराला वाटलं, मी विचारलं असेल. मला वाटलं, हे तर नोकरीचं आहे, विचारायला तर त्या सिस्टर आल्या आहेत. रीत सगाईची घेतली आणि तिचा अर्धा भाग घरीच विसरलो. तोंडातला गूळ ना गिळता येई ना थुंकता येई.

सिस्टरांचा खडा हातातच होता. त्यांनी रोशनीला विचारलं, काय झालं. रोशनीनं खाली पाहत सांगितलं. सिस्टरांनी मूठ मिटली. म्हणाल्या, "माँ जब तक हाँ नहीं बोलेगी, हम ये नहीं खाएगा."

"रान वाट पाहून राह्यलं," एवढंच म्हणून सुमन निघाली.

आणि सिस्टर तिच्या मागं निघाल्या. मिटल्या मुठीनंच. शहराच्या चपला ढेकळात वाकड्या पडत होत्या. मी त्यांच्या मागं, कारण असं काही चाललं असताना मी घरी बसणारी नाही.

सुमननं पूजा केली. दहीभात ठेवला. पहिला कापूस वेचला. तिचे ओठ हलत होते, काय म्हणत होती देव जाणे. सिस्टर शेजारच्या तासात शिरल्या आणि एका हातानं वेचायला लागल्या. कापसासकट अख्खं बोंड तोडून आणलं. सुमननं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. दुसरं बोंड तोडल्यावर मात्र राहवलं नाही.

"तसं नाही, बाई. बोंड झाडालेच राहू द्या. बोटं आत घाला, पाकळ्यायच्या मुळाले, आन् अलगद उचला."

"एक हाथ से नहीं आता."

"मंग टाकून द्या तो गूळ."

"नहीं."

गूळ वितळून बोटांतून ओघळत होता. मनगटावर दोन मुंग्या चढल्या होत्या. सुमननं त्या पाहिल्या आणि तोंड फिरवलं. मला वाटलं, ही हसली.

बरंच अंतर दोघी शेजारी शेजारी वेचत गेल्या. मग सुमननंच विचारलं, हिंदीत, आमच्या तांड्याच्या हिंदीत, "तुम रोई क्या उधर?"

"बहुत रोई. फिर पेशंट आने लगे. टाइम नहीं मिला."

"आन् तुमची माय?"

सिस्टरांनी हातातलं बोंड सोडलं. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण त्यांचे शब्द तुटक होते आणि मधूनच थांबत होते. त्यांची आई आजारी पडली, तेव्हा घरच्यांनी कळवलं नाही. लेक रडेल, काम टाकून पळत येईल, म्हणून लपवलं. कळवलं तेव्हा पाहायला आई उरली नव्हती. आणि याच्या उलट त्यांनी अशाही मुली पाहिल्या, ज्यांना घरचे शिंकेसाठीसुद्धा बोलावत. एक मुलगी अशीच निघून आली, मागं नावेतून लसी आल्या, आणि टोचायला बेटावर कोणी नव्हतं. लेकरं हात पुढं करून बसली होती म्हणे.

"इसलिए घर-घर जाती हूँ," सिस्टर म्हणाल्या. "दो बात माँगती हूँ. सच बताना, छुपाना नहीं. और छोटी बात पर बुलाना नहीं. दोनों चाहिए. एक से नहीं चलता."

सुमननं ऐकलं. वेचत राहिली. मला वाटलं आता रडेल, पण तिचा हात थांबला नाही. आमच्याकडं बायांचा विचार हातानं चालतो. हात थांबला म्हणजे विचार थांबला. तास संपला. रानाच्या कडेच्या धुऱ्याजवळ येऊन तिनं कंबर सरळ केली.

"पोरीले पोहता येत नाही," म्हणाली.

"हमको भी नहीं आता था. सिखाएगा."

"शिकल्याबिगर बोटीत बसवायचं नाही. मी इथूनच शिकवून धाडतो."

सिस्टर माझ्याकडं पाहायला लागल्या. मी म्हटलं, "हो गया, सिस्टर. हाँ बोली वो." आमच्या आया हो म्हणत नाहीत. अट घालतात. अट घातली म्हणजे समजायचं.

सुमननं त्यांची मूठ धरली, एकेक बोट उघडलं, मुंग्या फुंकून उडवल्या. चिकट झालेला गुळाचा खडा मोडून अर्धा त्यांच्या तोंडात घातला, अर्धा आपल्या. तुरीच्या तासामागं काहीतरी हललं. रोशनी तिथं उभी होती, कधीची कोण जाणे. फुलांची पिवळी धूळ सगळ्या केसांत.

मग काय, पोहणं शिकवायचा कार्यक्रम. रोशनीच्या मामानं पाठीला रिकामा डबा बांधून तिला नायकबाबांच्या विहिरीत सोडलं. काठावर सगळ्या बाया, आणि ज्यांना स्वतःला पोहता येत नाही त्याच जोरानं सांगत होत्या, "पाय मार वं! हात लांब टाक! अशी नाही, बेडकासारखी!" बाबा खाट टाकून बसलेले. रोशनी वर आली तेव्हा तिचे दात वाजत होते आणि सुमन म्हणत होती, "अजून एक फेरी."

जायच्या दिवशी दिग्रसच्या बसस्टँडवर आमची फजिती झाली. लेक सासरी निघाली की आमच्यात ढावलो म्हणतात. नवरी एकेकीच्या गळ्यात पडून गाण्यातच रडते. माहेरची झाडं, विहीर, भाऊ, सगळ्यांची नावं घेऊन निरोप घेते. आता ही नवरी नव्हती. म्हणायचा की नाही? बाया एकमेकींकडं पाहत उभ्या. यवतमाळची बस लागली. रोशनीच्या अंगात जीन्स, पाठीवर भली मोठी बॅग. तिलाच राहवलं नाही. ती माझ्या गळ्यात पडली आणि पहिली ओळ तिनंच उचलली. चाल चुकली, पुढचे शब्द येईनात, म्हणून आम्ही कानात सांगायला लागलो आणि ती रडत रडत पाठ म्हणायला लागली, शाळेतल्यासारखी. मधेच तिला हसू फुटलं, मग आम्हाला. कंडक्टर दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मावशी, अजून किती कडवे हायेत? मले यवतमाळ गाठाचं हाये." सुमन म्हणाली, "माह्या पोरीले समुद्र गाठाचा हाये, तुले यवतमाळाची पडली!" पण बसवली तिला. खिडकीला हात लावून बसबरोबर चार पावलं चालली, आणि मग थांबली.

आता रोशनीचा फोन येतो, तिकडं टॉवर असेल तेव्हा. मागं वाऱ्याचा घोंगाट, कोंबड्या, एखाद्या लेकराचं लस टोचल्याचं बोंबलणं. ते बोंबलणं अगदी आपल्या लेकरांसारखं आहे. भाषा कळत नाही, पण रडणं कळते. ती सांगते, समुद्र सकाळी अमुक रंगाचा, संध्याकाळी तमुक रंगाचा. सुमन विचारते, जेवली काय.

आणि या वेचणीत सिस्टरांनी मागितलेल्या त्या दोन गोष्टींची वेळ आली. शेजाऱ्यांचं रान आमच्या आधी फुटलं; गेल्या आठवड्यात त्यांच्या कापूस भरलेल्या गाडीवरून सुमन घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. दिग्रसहून प्लास्टर घालून आणलं. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा ओट्यावर आम्ही सगळ्या, नायकबाबाही, बसलो होतो. दीर म्हणाला, "हात फोनमधात दिसू देऊ नको. उगाच जीवाले घोर." मी फोन खांबाला टेकवून सुमनसमोर ठेवला. हे तिचं तिनं ठरवायचं होतं.

सुमननं पदराखालून हात काढला. प्लास्टर कॅमेऱ्यासमोर धरलं.

"पाह्य, रोशनी. हात मोडला. गाडीवरून पडली. दुखते लय. हे खरं सांगून राह्यली."

तिकडं रोशनी फोनच्या अगदी जवळ आली. मागं वारा.

"आन् येऊ नको म्हणतो, थे मातर खोटं हाये," सुमन म्हणाली. "खोटं असलं तरी ऐकाचं. येऊ नको."

रोशनीनं डोळे पुसले. दोन्ही हातांनी, घाईघाईत. मग तिचा चेहरा बदलला. माझ्या डोळ्यांसमोर बदलला, लेकीची नर्स झाली.

"बोटं दिसू दे, याडी. सुजले काय? निळे पडले काय? हलव. अंगठा हलव. एकेक हलव."

सुमननं प्लास्टरातून बाहेर आलेली बोटं हलवली.

"अजून. जोरानं. दुखलं तरी हलव."

आणि काय झालं कोण जाणे, मीही माझी बोटं हलवायला लागले. शेजारची हलवायला लागली. नायकबाबांनी काठी मांडीवर ठेवून दोन्ही हात वर केले. ओट्यावरच्या आम्ही सगळ्या, ज्यांचं काहीही मोडलेलं नव्हतं त्याही, फोनसमोर बोटं हलवत बसलो, आणि समुद्रापलीकडून आमची पोरगी एकेकीची तपासत होती.